हरवलेल्या जुन्या ॲडल्ट फिल्म खरंच सापडतात का? कुठे शोधायच्या?

तुम्ही विचारलंय की १९७० च्या दशकातल्या एका अमेरिकन ॲडल्ट फिल्मची वर्तमानपत्रातली जाहिरात तुम्हाला मिळाली, फिल्म मात्र कुठेच मिळत नाही. शिवाय दहा वर्षांपूर्वी जपून ठेवलेल्या व्हिडिओंच्या लिंकही उघडत नाहीत. हे सगळं कायमचं गेलं का?

फिल्मबद्दल मी लगेच 'गेली' म्हणणार नाही. काही वर्षं मी जुनी रिळं तपासून स्कॅन करायचं काम करतोय. जिची आशा सगळ्यांनी सोडली होती, अशी फिल्म गंजक्या डब्यातून निघालेली मी पाहिली आहे. व्हिडिओंची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येतो.

या फिल्म हरवल्या कारण त्या जपल्याचं कुणाला कबूल करायचं नव्हतं. काढणाऱ्यांनी खोटी नावं लावली. अनेकांनी कॉपीराइटची नोंदणीच केली नाही, त्यामुळे सरकारी ग्रंथालयात प्रत जमा होण्याचा प्रश्नच नव्हता. प्रिंट मोजक्याच असत, त्यातल्या काही पोलीस जप्त करून नेत. लॅब बंद पडली की निगेटिव्ह तिथेच बेवारस. आणि सगळ्यात जास्त नुकसान, माझ्या मते, घरांत झालं. मालक वारला, मुलांनी डब्यावरचं नाव वाचलं आणि लाजेपोटी सगळं कचऱ्यात टाकलं.

उरलेलं काम रसायनं करतात. ॲसिटेट या प्लास्टिकची फिल्म कुजू लागली की तिच्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, डबा उघडताच व्हिनेगरचा वास नाकात शिरतो. हे ॲसिड कुजणं आणखी वाढवतं, रीळ आक्रसतं, वाकडं होतं. 'व्हिनेगर सिंड्रोम' नावाची कंपनी अमेरिकेत २०१२ मध्ये सुरू झाली, ती अशाच जुन्या फिल्म दुरुस्त करून पुन्हा प्रकाशित करते. रिळं अशी कुजण्याच्या रोगालाच व्हिनेगर सिंड्रोम म्हणतात, नाव त्यावरूनच घेतलंय.

तरी सापडतात. एड वूड या दिग्दर्शकाची १९७१ ची 'नेक्रोमेनिया' बरीच वर्षं हरवलेली मानली जात होती. १९९२ मध्ये घरगुती जुन्या सामानाच्या विक्रीत तिची कापलेली प्रत मिळाली आणि २००१ मध्ये पूर्ण प्रत. 'बॅट पुसी' नावाची फिल्म १९९० च्या दशकात मेम्फिसमधल्या एका ॲडल्ट थिएटरच्या अडगळीत सापडली. तिच्यावर श्रेयनामावलीच नाही, त्यामुळे ती कुणी काढली हे आजही माहीत नाही.

तुमच्या जाहिरातीवरून मला १९७४ ची 'हिम' आठवली. १९८० मध्ये वाईट चित्रपटांवर एक इंग्रजी पुस्तक आलं. त्यात एक चित्रपट लेखकांनी मनानं रचून घातला होता आणि तो ओळखायचं आव्हान वाचकांना दिलं होतं. येशूच्या ध्यासानं पछाडलेल्या समलिंगी तरुणावरची 'हिम' हीच ती थाप, असं बऱ्याच जणांनी धरलं. प्रत्यक्षात थाप दुसरीच होती. पुढे लोकांनी न्यूयॉर्कची जुनी वर्तमानपत्रं चाळली, तेव्हा 'हिम'च्या जाहिराती मिळाल्या. ती थिएटरात लागली होती हे सिद्ध झालं. फिल्म अजून मिळालेली नाही. पण जाहिरातीचा एवढासा तुकडा किती मोलाचा असतो हे यावरून दिसतं.

म्हणून शोध कागदांपासून सुरू करा. थिएटर, तारीख, वितरक, पोस्टरवरची टोपणनावं, सगळं टिपून ठेवा. एकच फिल्म वेगवेगळ्या शहरांत वेगवेगळ्या नावांनी लागत असे, कधी सौम्य तर कधी उघड आवृत्तीत. त्यामुळे एका नावावर अडून बसू नका. अश्लीलतेच्या खटल्यांचे निकाल वाचा, त्यात फिल्मची नावं आणि कधी कधी कथानकही नोंदलेलं असतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या व्हीएचएस (व्हिडिओ कॅसेट) विक्रीच्या याद्या पाहा. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या किन्झी इन्स्टिट्यूटकडे अशा फिल्मचा जुना संग्रह आहे, तिथे पत्र लिहा. संग्राहकांशी बोलताना मात्र धीर धरा, विश्वास बसल्याशिवाय ते कपाट उघडत नाहीत.

आता व्हिडिओ. रीळ अंधाऱ्या खोलीत पन्नास वर्षं पडून राहू शकतं. सर्व्हरवरच्या फाइलला ती सोय नाही; भाडं थांबलं किंवा नियम बदलला की ती एका दिवसात जाते. मायस्पेस या सोशल नेटवर्कनं २०१९ मध्ये मान्य केलं की २०१५ च्या आधी चढवलेलं संगीत गेलं. अंदाजे ५ कोटी गाणी होती, त्यातली सुमारे ४ लाख ९० हजार नंतर दुसरीकडून मिळाली. टम्बलर या ब्लॉग साइटनं १७ डिसेंबर २०१८ पासून प्रौढ मजकूर बंद केला. डिसेंबर २०२० मध्ये पॉर्नहब या ॲडल्ट व्हिडिओ साइटनं ओळख न पटलेल्या खात्यांचे सगळे व्हिडिओ काढले.

इथे मात्र थांबा. ती सफाई झाली कारण त्या साइटवर अल्पवयीन मुलांचे आणि संमतीशिवाय टाकलेले व्हिडिओ असल्याचं उघड झालं होतं. आपला व्हिडिओ काढून टाकावा म्हणून महिनोन्‌महिने झगडलेली माणसं त्यात होती. असा व्हिडिओ हरवलेला नसतो, तो कुणीतरी मोठ्या कष्टानं मिटवलेला असतो. कुणाचा आहे, संमती होती का, हे कळत नसेल तर तो शोधू नका. याबाबत मी कुणालाही मदत करत नाही.

व्यावसायिक निर्मिती असेल तर जुनी लिंक वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर, टाका. व्हिडिओ बहुतेक मिळणार नाही, पण शीर्षक, लांबी, निर्मात्याचं नाव आणि छोटं चित्र मिळू शकतं. त्यावरून निर्मात्याचा आजचा कॅटलॉग पाहा. बऱ्याचदा तीच गोष्ट नव्या नावानं विक्रीला असते.

त्या जाहिरातीत थिएटरचं नाव आणि तारीख दिसत असेल तर प्रश्नात जोडा. त्या आठवड्याच्या बाकीच्या जाहिराती मी चाळून पाहतो, दुसऱ्या नावाचा काही माग लागतोय का ते कळेल.