पहिल्यांदाच नाताळची बिस्किटं करतेयस ना?

मग एकच प्रकार कर, साधी बटरची बिस्किटं. आयसिंग, सजावट पुढच्या वर्षी. प्रमाण सोपं आहे: १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा. वाटीने नको, काट्यावर मोज.

डिसेंबरात आपल्या नागपुरात सकाळी बटर दगडासारखं असतं. म्हणून घाईने गॅसवर वितळवू नकोस, नवख्यांचा पहिला घाणा इथेच बिघडतो. बोटाने दाबल्यावर खळगा पडेल इतपतच मऊ हवं. बटर-साखर फेसून मैदा घातला की कणकेसारखं मळायचं नाही, नुसता गोळा जमवायचा. मग अर्धा तास फ्रीजमध्ये.

वासाला दोन संत्र्यांची साल घाल, ती बाजारात आहेतच. पण आपलं संत्रं सैल सालीचं. सोलून मग किसायला गेलीस तर साल फाटते. अख्खं फळ धुऊन पुसून बारीक किसणीवर हलक्या हाताने फिरव. फक्त केशरी भाग, पांढरा आला की कडू.

ओव्हन १७० अंशांवर आधी १५ मिनिटं तापव. पाव इंच जाडीची बिस्किटं साधारण १५ मिनिटांत होतात. कडा सोनेरी दिसल्या की काढ, मध्ये मऊ लागली तरी. गार होताना ती खुसखुशीत होतात. हे माहीत नसल्याने मी सुरुवातीला दोन ट्रे करपवले होते. आणि पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नकोस, वाफेने सादळतात.

पहिला ट्रे सहाच बिस्किटांचा लाव, तुझा ओव्हन कसा तापतो ते त्यातच कळेल.