आठवड्याचे पाचही दिवस कार्यालयात येण्याच्या सक्तीला कर्मचाऱ्यांचा विरोध रास्त आहे का?

माझ्या मते रास्त आहे, मात्र त्याचा आधार स्वतःच्या सोयीपेक्षा निर्णयामागील पुराव्याचा अभाव हा असावा. ॲमेझॉनचे मुख्य कार्यकारी अधिकारी अँडी जॅसी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केले, की जानेवारी २०२५ पासून कर्मचाऱ्यांनी तीनऐवजी पाच दिवस कार्यालयात यावे. कारणे दिली ती सहकार्याची, एकमेकांकडून शिकण्याची आणि कार्यसंस्कृतीची. त्यावर ५००हून अधिक कर्मचाऱ्यांनी क्लाउड विभागाचे प्रमुख मॅट गार्मन यांना पत्र लिहून या युक्तिवादाला आकडेवारीचा आधार नसल्याचा आक्षेप घेतला, आणि एरवी प्रत्येक गोष्ट मोजणाऱ्या कंपनीबाबत तो मला बिनतोड वाटतो.

घरून काम करण्याबाबत पुरावा अगदीच नाही, असेही नाही. चीनमधील ट्रिप डॉट कॉम या कंपनीतील १,६१२ कर्मचाऱ्यांवर केलेल्या, २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची मुभा मिळालेल्या गटात राजीनामे सुमारे एक तृतीयांशाने घटले, तर कामगिरीचे मूल्यांकन आणि बढत्या यांत फरक पडला नाही. अर्थात हा कौल काही दिवस घरून आणि काही दिवस कार्यालयातून काम करण्याच्या संमिश्र पद्धतीच्या बाजूने आहे. कायम घरूनच काम करू द्या, अशी मागणी करणाऱ्यांनी तो आपल्या बाजूने ओढू नये.

भारतात घरून काम करण्याचा सर्वसाधारण कायदेशीर हक्क नाही, त्यामुळे वाद घालण्यापूर्वी नियुक्तिपत्रातील कामाच्या ठिकाणाचे कलम वाचावे.