कंपनीचा प्रवास, तुमचं कार्ड

प्रश्न : हिंजवडीत नोकरी करतो. कामासाठी दर महिन्याला दिल्ली किंवा बंगळुरूला जावं लागतं. तिकीट, हॉटेल माझ्या क्रेडिट कार्डावर; कंपनीकडून पैसे यायला महिना-दीड महिना लागतो. पॉइंट्स जमतात, पण बिल भरताना ओढाताण होते. काय करावं?

उत्तर : पॉइंट्सचं नंतर, आधी तारखा बघा. समजा, तुमचं स्टेटमेंट 12 तारखेला निघतं आणि भरायला 20 दिवस मिळतात. 10 मार्चला काढलेल्या तिकिटाचे पैसे 1 एप्रिलला भरावे लागतील, म्हणजे हातात 22 दिवस. तेच तिकीट 13 मार्चला काढलं तर मुदत 2 मेपर्यंत, म्हणजे 50 दिवस. प्रवास काही आपल्या सोयीने ठरत नाही, म्हणून बँकेला सांगून बिलिंगची तारीखच बदलून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ही सोय किमान एकदा द्यावीच लागते.

बाकी थकली की हिशेब उलटतो. 40,000 रुपयांवर 1 टक्का धरला तर पॉइंट्स 400 रुपयांचे. तेवढीच रक्कम महिनाभर थकली, तर 3.5 टक्क्यांनी व्याज 1,400 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 252, एकूण 1,652. शिवाय थोडी जरी बाकी उरली, तरी नव्या खर्चावरची बिनव्याजी मुदत बंद होते. आज काढलेल्या तिकिटावर आजपासूनच व्याज. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, भरून फक्त लेट फी टळते. बँक आवळा देऊन कोहळा काढते ती इथेच! म्हणून दोन फेऱ्यांच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवा, बिल त्यातून पूर्ण भरा आणि कंपनीचे पैसे आले की तिथेच परत टाका.

क्लेम अडकतो तो बहुधा कागदांपायी. विमानाचं तिकीट म्हणजे जीएसटी इन्व्हॉइस नव्हे. कंपनीचा जीएसटी नंबर बुकिंग करतानाच भरा आणि इन्व्हॉइस वेगळं डाउनलोड करा. हॉटेलात हा नंबर चेक-इनलाच द्या. बिल एकदा निघालं की नाव-नंबर बदलून मिळवताना नाकी नऊ येतात. लोहगावच्या टॅक्सीची पावती त्याच दिवशी जपून ठेवा. एक्सप्रेस वेच्या टोलसाठी फास्टॅगचं स्टेटमेंट जोडता येतं.

प्रश्न : आमची तिकिटं ऑफिसच काढतं. मग माइल्स कोणाला?

उत्तर : कार्डाचे पॉइंट्स पैसे भरणाऱ्याला, एअरलाइनचे माइल्स (विमानप्रवासावर मिळणारे पॉइंट्स) उडणाऱ्याला. त्यामुळे तुमचा मेंबरशिप नंबर ट्रॅव्हल डेस्ककडे देऊन ठेवा. तिकिटावरचं नाव आणि मेंबरशिपमधलं नाव जुळलं पाहिजे. नावातला एखादा शब्द मागेपुढे झाला तरी माइल्स अडकू शकतात. ते जमा होईपर्यंत बोर्डिंग पास टाकू नका, कारण राहिलेले माइल्स मागायला तोच पुरावा लागतो आणि त्यालाही मुदत असते. हॉटेलांचं वेगळं आहे: ट्रॅव्हल साइटवरून केलेल्या बुकिंगवर मोठ्या साखळ्या बहुधा पॉइंट्स देत नाहीत. कंपनीचा हॉटेलशी थेट ठरलेला दर असेल तर मिळू शकतात, डेस्कला विचारा.

प्रश्न : सिंगापूरमध्ये कार्डाचं मशीन ‘रुपये की डॉलर’ विचारतं. काय निवडावं?

उत्तर : सिंगापूर डॉलर. रुपये निवडले की मशीनवाल्याचा महागडा दर लागतो आणि अनेक बँका त्यावरही शुल्क घेतात. बऱ्याच कार्डांवर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरचं बँकेचं शुल्क, 3.5 टक्के असतो. जीएसटी धरून 4.13. म्हणजे 50,000 रुपयांमागे 2,065. वरचेवर परदेशी जाणार असाल तर कमी मार्कअपचं कार्ड घ्या. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोकड मात्र काढू नका. त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, वर फी वेगळी.