‘कंपोझिट’ जातीला संकरित म्हणायचं का?

प्रश्न असा आलाय की ऑस्ट्रेलियातल्या ड्राउटमास्टर गुरांबद्दल वाचताना ‘कंपोझिट ब्रीड’ असा शब्द येते, त्याला मराठीत संकरित जात म्हटलं तर चालते का. माझ्या मते नाही चालत, आणि कपाशीवाल्याला तर हे लगेच पटेल. संकरित कपाशीचं पाकीट दरवर्षी नवं आणावं लागते, घरची सरकी पेरली तर झाडं एकसारखी येत नाहीत, सरळ वाणाचं मात्र घरचं बियाणं चालते.

ढोरांचंही तसंच आहे. गवळाऊ गायीला जर्सीचं रेतन केलं तर होणारी कालवड संकरित, पण पुढं संकरितला संकरितच लावत गेलं की एकाला वशिंड चांगलं, दुसऱ्याला नावालाच, असं काहीही निघते. कंपोझिट म्हणजे हीच ओढाताण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून थांबवलेली जात. टेक्सासच्या किंग रँचवर शॉर्टहॉर्न ही मूळची इंग्लंडची गुरं तिथल्या उन्हात अन् गोचिडात नीट टिकत नव्हती, म्हणून त्यांच्यात ब्रह्मन वळूचं रक्त आणलं, साधारण ५/८ शॉर्टहॉर्न अन् ३/८ ब्रह्मन, त्यातून सांता गर्ट्रुडिस उभी राहिली आणि १९४० मध्ये तिला वेगळी जात म्हणून मान्यता मिळाली. आता तिथं सांता गर्ट्रुडिसच्या गायीला त्याच जातीचा वळू लावतात आणि वासरू तसंच तांबडं होते. (ब्रह्मन म्हणजे आपल्याच गीर, कांकरेज, ओंगोलचं रक्त, ती सैल कातडी अन् गळ्याखालची लोंबती पोळी इथूनच गेलेली, याचा मला फार अभिमान वाटते.)

मग शब्द कोणता? नवा घडवायची गरजच नाही, मक्यात ‘संमिश्र वाण’ केव्हाचा रुळलाय. चाऱ्यासाठी आपण जो आफ्रिकन टॉल पेरतो तो संमिश्रच आहे. तोच शब्द गुरांना लावा, ‘संमिश्र जात’. नुसतं ‘मिश्र’ मात्र लिहू नका, कारण आखरावरच्या गोहनात कोणताही गोऱ्हा लागून झालेल्या गावठी वासरालाही लोक मिश्रच म्हणतील, तिथं निवड कोणी केलेली नसते. म्हणजे ‘ड्राउटमास्टर ही उष्ण, कोरड्या कुरणांसाठी तयार केलेली मांसाची संमिश्र जात आहे’ असं लिहावं, आणि पहिल्याच पिढीचं ब्रह्मन-शॉर्टहॉर्न वासरू असेल तर त्याला खुशाल संकरित म्हणावं.