हुकूमशाही सरकारं कोर्टं बंद का करत नाहीत?

कारण कोर्टाचा शिक्का लागला की जुलूम कायदेशीर दिसतो. मी रत्नागिरीचा. टिळक आळीतल्या जन्मघरी पाहुण्यांना नेतो, तेव्हा दरवेळी १९०८ चा खटला सांगतो. इंग्रजांना टिळकांना असंच उचलून नेता आलं असतं. थिबा राजाला त्यांनी खटल्याशिवायच ब्रह्मदेशातून आणून आमच्या गावात ठेवलं होतं. पण टिळकांच्या मागे लोक होते, म्हणून रीतसर खटला हवा होता. १८७० पासून राजद्रोहाचं १२४-अ कलम हाताशी होतंच. 'केसरी'तले लेख मराठी, आणि ज्यूरीत ९ पैकी ७ युरोपीय! त्यांच्यापुढे भाषांतरं वाचली गेली. ७ विरुद्ध २ मतांनी दोषी, ६ वर्षं मंडाले. हे वाचताना आजही रक्त तापतं.

आता ज्यूरी नाही, न्यायाधीशच बदलतात. व्हेनेझुएलात २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या जागा २० वरून ३२ केल्या आणि राष्ट्राध्यक्ष चावेझच्या बाजूची माणसं बसवली. हंगेरीत निवृत्तीचं वय ७० वरून एकदम ६२ वर आणलं. ज्येष्ठ न्यायाधीश एका झटक्यात घरी. त्यामुळे कायदा आला की मी आधी बघतो, नेमणुका कोणाच्या हातात गेल्या.