घाटात गाडी झटके देते. इग्निशन बदलावे का?

प्रश्न : माझ्याकडे पेट्रोल आणि सीएनजी या दोन्हींवर चालणारा दोन सिलिंडरचा छोटा मालट्रक असून तो सुमारे 70 हजार किलोमीटर चालला आहे. सावद्याहून केळी भरून मी चाळीसगावमार्गे छत्रपती संभाजीनगरला जातो. कन्नड घाटात, विशेषतः दुपारी, गॅसवर गाडी मिसिंग करते आणि झटके देते; पेट्रोलवर टाकली की बरीच सुधारते. आमच्या मिस्त्रींनी जास्त ताकदीची कॉइल, जाड वायरी आणि इरिडियमचे प्लग असा संच सुचवला असून त्याने पिकअप वाढेल, असे ते म्हणतात. खर्च साडेनऊ हजार रुपये सांगितला आहे. करावा का?
— एक वाचक, सावदा (ता. रावेर)

उत्तर : हा संच आत्ता घेऊ नका. आपण लिहिलेली ‘पेट्रोलवर टाकली की बरीच सुधारते’ ही ओळ मला सर्वांत मोलाची वाटली, कारण निम्मे निदान तिच्यातच आहे.

प्लगच्या फटीतून ठिणगी उडण्यासाठी किती व्होल्टेज लागेल, हे त्या फटीचे अंतर, सिलिंडरमधला दाब आणि आतले मिश्रण यांवर ठरते. बॅटरीचे व्होल्टेज वाढवून प्लगला देणारी कॉइल तेवढ्याच व्होल्टेजपर्यंत चढते आणि फट ओलांडली गेली की तिथेच थांबते. फट 15 हजार व्होल्टमध्ये ओलांडली जात असेल, तर 40 हजार व्होल्टची कॉइल बसवूनही वरची क्षमता नुसती पडून राहते. चूल काडीने पेटवली काय किंवा पलित्याने पेटवली काय, आच सरपणाचीच असते. इंजिनातही ताकद हवा आणि इंधन यांच्या ज्वलनातून येते, ठिणगीतून येत नाही.

मात्र सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी पाडण्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते. त्यात भरल्या गाडीने घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये हवा अधिक भरते, दाब वाढतो आणि ही गरज आणखी चढते. प्लग झिजून फट वाढलेली असेल किंवा वायरीचे रबर तडकलेले असेल, तर सपाट रस्त्यावर कसेबसे निभावणारे इग्निशन नेमके तिथे कमी पडते. दोनच सिलिंडर असल्यामुळे एक ठिणगी चुकली की त्या फेऱ्यातली निम्मी ताकद जाते, म्हणून झटका इतका जाणवतो.

तेव्हा आधी प्लग खोलून पाहा. मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच, कारण गरम ॲल्युमिनियम हेडचे आटे सहज खराब होतात. प्लग उजेडात धरा. मधल्या टोकाच्या कडा नव्या प्लगला धारदार असतात. त्या गोल झाल्या असतील तर प्लग संपला आहे. पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी उभी काळी रेघ दिसली, तर ठिणगी फटीऐवजी बाहेरून उतरते आहे, आणि अशा वेळी प्लगसोबत त्यावरची रबरी टोपीही बदलावी लागते. गाडीच्या पुस्तिकेत फट 0.8 मिलिमीटर सांगितली असेल आणि फिलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचातली) 1.1 ची पट्टी आरामात आत जात असेल, तर आपल्या तक्रारीचे कारण बहुधा हातात आले. साध्या निकेलच्या प्लगचे आयुष्य साधारण 20 ते 30 हजार किलोमीटर धरतात, गॅसवर ते आणखी घटते. मूळचेच प्लग अजून चालू असतील तर नवल वाटायला नको.

प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल, तर दोन्हींची अदलाबदल करून पाहण्यास एक पैसाही लागत नाही. गाडीच्या संगणकातले दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी 0301 हा कोड पहिल्या सिलिंडरचे मिसिंग दाखवतो आणि पी 0302 दुसऱ्याचे. कॉइलची अदलाबदल केल्यावर कोडही दुसऱ्या सिलिंडरकडे गेला, तर तीच कॉइल खराब आहे. मग कंपनीच्या मापाची तेवढी एक घ्या.

इग्निशन निर्दोष निघाले, तर गॅसचा फिल्टर आणि रिड्युसर (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करणारा भाग) तपासून घ्या, कारण पेट्रोलवर सुधारणाऱ्या गाडीत दोष तिथेही असू शकतो. व्हॉल्व्हचा गॅपही, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांमधली मोकळी जागाही, पाहायला सांगा. गॅसवर व्हॉल्व्हच्या बैठका लवकर झिजतात आणि हा गॅप कमी होत जातो.

दुपारचा थोडा मंदपणा मात्र स्वाभाविक आहे. पौषातल्या पहाटेच्या 15 अंशांच्या हवेपेक्षा मे महिन्यातली 45 अंशांची हवा सुमारे 9 टक्के विरळ असते, शिवाय सिलिंडरमध्ये गॅस स्वतःच हवेची जागा अडवतो. ही घट कोणतीही कॉइल भरून काढणार नाही.

इरिडियमचे प्लग वाईट नाहीत. हा धातू 2,400 अंशांच्याही वर वितळतो, म्हणून त्याचे टोक अगदी बारीक ठेवता येते, तरी ते लवकर झिजत नाही आणि कमी व्होल्टेजवर ठिणगी पडते. सतत गॅसवर चालणाऱ्या गाडीसाठी मी ते जरूर घेईन, पण टिकाऊपणासाठी, आणि पुस्तिकेतल्याच हीट रेंजचे (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्या मापाचे) व फटीचे. त्यांचे टोक तारेच्या ब्रशने घासू नका. इग्निशन बदलून खरा फरक पडतो तो जुन्या पॉइंटच्या (यांत्रिक स्विचने ठिणगी पाडणाऱ्या) गाडीला इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यावर किंवा इंजिनाचा दाब मुद्दाम वाढवलेला असल्यावर. आपली गाडी या दोन्हींत बसत नाही.

तपासणी होईपर्यंत झटके देणारी गाडी घाटात ओढू नका. न जळलेला गॅस सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतो आणि तो भाग जळाला, तर वाचवलेल्या साडेनऊ हजारांपेक्षा मोठा खर्च अंगावर येतो.

प्रश्न : माझा डिझेल ट्रक चढावर दम सोडतो. त्यालाही अशी कॉइल बसते का?
— एक वाचक, शिरपूर

उत्तर : नाही. डिझेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेने पेटते, त्याला ठिणगी लागतच नाही. काही गाड्यांत असलेला ग्लो प्लग फक्त थंडीत सुरू होण्यापुरता असतो. कोणी कॉइल विकत असेल तर घेऊ नका. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर, टर्बोचे होज आणि मग इंजेक्टर, या क्रमाने तपासणी करून घ्या.