फ्लाइटगिअरमध्ये पहिलं मानवरहित विमान उभं करताना

प्रिय,

तुझी वायसिमची फाइल सावकाश वाचली (वायसिम म्हणजे फ्लाइटगिअर या संगणकावरच्या उड्डाण-सिम्युलेटरचा, विमान कसं उडेल हे मोजणारा भाग). आराखडा आवडला: मागे प्रोपेलर, दोन दांड्यांवर शेपूट, 2.9 मीटरचा पंख. पण एक आकडा सगळ्याचा घात करतोय. 1.2 हॉर्सपॉवरच्या इंजिनावर तू क्रूझचा, म्हणजे सपाट स्थिर उड्डाणाचा, वेग 90 नॉट लिहिला आहेस.

वायसिम उलट्या दिशेने चालतं, हे आधी पक्कं समजून घे. तू त्याला विमानाचा आकार, वजन, इंजिनाची ताकद आणि उतरतानाचा व क्रूझचा वेग देतोस. त्या वेगांशी जुळेल इतका ड्रॅग (हवेचा विरोध) आणि इतकी लिफ्ट (पंखाची उचल) ते स्वतः शोधून काढतं. म्हणजे तू फुशारकी मारलीस, तर ते ती निमूट खरी मानतं आणि तसं विमान तुझ्या हातात देतं. म्हणून वेग मनाने लिहायचा नाही, कागदावर काढायचा.

1.2 हॉर्सपॉवर म्हणजे साधारण 900 वॉट. एवढ्या लहान प्रोपेलरकडून 60 टक्के धर, उरले 540 वॉट. 90 नॉट म्हणजे सेकंदाला 46 मीटर. भागाकार केला की ड्रॅगसाठी जेमतेम 12 न्यूटन हाती येतात, आणि या वेगाला ते फार कमी आहेत. बाहेर इंजिन आणि कॅमेरा लोंबकळणाऱ्या 13 किलोच्या विमानाला इतकं गुळगुळीत कोण करणार? 70 नॉट लिही. तिथे 15 न्यूटन मिळतात, ते पटण्यासारखं आहे. पडताळ्यासाठी एरोसोंड समोर ठेव. ऑगस्ट 1998 मध्ये न्यूफाउंडलंडहून स्कॉटलंडच्या साउथ युइस्ट बेटावर उतरलेलं हे विमानही 2.9 मीटर पंखाचं आणि सुमारे 13 किलोचं होतं. मानवरहित विमानाने अटलांटिक ओलांडण्याची ती पहिली वेळ. सुमारे 3,270 किलोमीटरला 26 तास 45 मिनिटं लागली, म्हणजे सरासरी 66 नॉट.

अप्रोचसाठी, म्हणजे उतरायला येताना, 42 नॉट वेग आणि पंखाचा हवेशी 6 अंशांचा कोन ठेव. पंखाचं क्षेत्रफळ 0.55 चौरस मीटर धरलं तर स्टॉल, म्हणजे पंखाची उचल तुटण्याचा वेग, 33 नॉटच्या आसपास येतो आणि अप्रोचचा वेग त्याच्या सव्वा ते दीड पट हवाच. स्टॉलचा कोन 14 अंश चालेल.

आता एककं, कारण इथे जवळजवळ प्रत्येकजण अडखळतो. अंतर मीटरमध्ये, पण वजन पौंडांत, वेग नॉटमध्ये, उंची फुटांत. विमानाच्या वजनात इंधन धरायचं नाही. तेव्हा रिकामं 24 पौंड आणि टाकीत 5 पौंड. तू तिथे 13 लिहिलं आहेस. वायसिमने ते पौंड समजून निम्म्या वजनाचं पाखरू बनवलं असतं.

एक्स पुढे, वाय डावीकडे, झेड वर. पंखाची जागा सांगताना कडेची नाही, मुळाशी कॉर्डच्या (पंखाच्या पुढून मागे रुंदीच्या) मध्याची सांगायची, तीही डाव्या पंखाची. तुझी कॉर्ड 19 सेंटिमीटर. शून्य बिंदू पुढच्या कडेपासून पाव कॉर्डवर धरलास तर पंखाचा एक्स −0.0475 होतो. आडवं शेपूट −0.88 ला, क्षेत्रफळ 0.07 चौरस मीटर. उभं शेपूट मात्र आपोआप दुसऱ्या बाजूला उमटत नाही, दोन्ही वेगवेगळी लिही. एरोसोंडसारखं उलट्या व्हीचं शेपूट नंतर कर.

गुरुत्वमध्य शून्य ते −0.01 यातच राहू दे. एक सेंटिमीटर म्हणजे कॉर्डचे पाच टक्के, इतकं हे नाजूक काम आहे. इंजिन मागे असल्याने विमान शेपटीकडे जड होणारच. नाकात बॅलास्टचे (तोल साधायच्या वजनाचे) चार पौंड ठेवून सुरुवात कर. बॅलास्टने एकूण वजन वाढत नाही; आहे त्याच वजनातला तेवढा वाटा त्या जागी बसतो. टाकी गुरुत्वमध्यावरच हवी. तू ती 20 सेंटिमीटर मागे ठेवली आहेस. ती भरली की गुरुत्वमध्य साडेतीन सेंटिमीटर मागे सरकेल आणि विमान नाक वर करून उलटेल.

प्रोपेलरचा मोमेंट (फिरण्याला होणारा जडत्वाचा विरोध) तू सेसना या माणसं नेणाऱ्या विमानाच्या फाइलमधून जसाच्या तसा उचललेला दिसतो. 46 सेंटिमीटर व्यासाच्या, 200 ग्रॅमच्या प्रोपेलरला साधारण 0.0035 लागतो. मोठा आकडा ठेवलास तर इंजिन गती घ्यायला वेळ खाईल आणि वळताना नाक भलतीकडे जाईल.

उडवण्याआधी फाइल कमांड लाइनवरच्या वायसिम प्रोग्रॅममधून काढ. उत्तर सापडलं नाही तर तो कारण सांगतो: ड्रॅग अवाजवी, क्रूझचा कोन 10 अंशांपुढे, अप्रोचला एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची फळी) अपुरा. सापडलं तरी आकडे वाच. शेपटीचा कोन दोन-तीन अंशांत हवा. अप्रोचचा एलिव्हेटर −0.9 आला (−1 म्हणजे पूर्ण वळलेला), तर जमिनीजवळ नाक उचलायला काही शिल्लकच नाही. गुरुत्वमध्य किंचित मागे घे किंवा शेपूट मोठं कर.

पहिलं उड्डाण चाकांवरून नको. एवढं हलकं विमान चाकांच्या स्प्रिंगवर थरथरतं. मॉडेल सेकंदाला 120 वेळा मोजलं जातं, ते पुढे 240 करून बघ. (एरोसोंडला चाकंच नव्हती, ते धावत्या गाडीच्या टपावरून सोडत.) सुरू करतानाच 2,000 फूट उंची आणि 50 नॉट वेग देऊन हवेत सोड. जागा स्कॉटलंडचा बेनबेक्युला विमानतळ घे, संकेत ईजीपीएल. धावपट्टी समुद्रसपाटीला असल्याने आकडे ताडून बघणं सोपं जातं. वारा आधी शून्य.

मग इंजिन बंद करून 42 नॉट धर आणि खाली येण्याचा वेग बघ. मिनिटाला 250 ते 350 फूट आले तर ठीक. प्रोपेलर वाऱ्याने फिरत असेल तर थोडे जास्त. 150 आले तर विमान खोटं आहे, क्रूझचा वेग पुन्हा तपास.

ऑटोपायलट यानंतरच. क्रम मोडू नकोस: आधी पंख सपाट ठेवणं, मग नाकाचा कोन, मग उंची, शेवटी दिशा. उंचीच्या पीआयडीने (चूक मोजून ती सुधारत राहणाऱ्या नियंत्रकाने) थेट एलिव्हेटर हलवायचा नाही. त्याने नाकाचा कोन मागायचा, तोही −10 ते +12 अंशांच्या मर्यादेत. ही मर्यादा घातली नाही, तर 500 फूट वर जायला सांगताच विमान स्टॉल होईपर्यंत नाक उचलत राहील. विमान डोलायला लागेपर्यंत केपी (चुकीला किती जोरात उत्तर द्यायचं तो आकडा) वाढव, मग निम्मा कर. टीआय (साचत गेलेली चूक भरून काढायचा वेळ) आधी मोठा ठेव, दहा सेकंद वगैरे.

हे खरोखर बांधायचा विचार डोक्यात आला, तर आपल्याकडच्या 2021 च्या ड्रोन नियमांत 2 ते 25 किलोचं यान 'स्मॉल' गटात मोडतं आणि त्याला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. तूर्तास पडदाच बरा.

दुरुस्त फाइल पाठवताना वायसिमने छापलेले आकडे सोबत जोड. आणि टाकी भरलेली व रिकामी अशा दोन्ही वेळी इंजिन बंद ठेवून मिनिटाला किती फूट खाली आलं, तेही.